एचएफ संकरित खोंड वळू म्हणून ठेवायचा, तर कोणत्या जनुकीय चाचण्या खरंच उपयोगाच्या?

माळावरचा_गोठा
जाणकारांना विचारायचं आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित खोंड, वय १४ महिने, आईचं दूध चांगलं, बाप आयात वीर्यकांडीचा. गटातल्या गोठ्यांसाठी वळू म्हणून ठेवावा असा विचार आहे. हल्ली 'फर्टिलिटी मार्कर पॅनल' नावाने चाचण्या विकल्या जातात (मार्कर म्हणजे गुण-दोष ओळखायची डीएनएमधली खूण). केसांचा नमुना पाठवा, वळूची गाभण ठेवण्याची क्षमता सांगतो, असा दावा असतो. यात तथ्य किती? कोणते मार्कर मागायचे? आणि वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसतं, पण गाई उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात), अशा वळूचं कारण जनुकात सापडतं का?

रेतनशाळा
माळावरचे दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण जनुकशास्त्राने सगळ्यात स्वच्छ उत्तर तिथेच दिलं आहे.

दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियातली फ्लेकफी ही सिमेंटल गटातली जात. तिथल्या रेतन केंद्रांवर काही वळू असे होते की वीर्याचं प्रमाण, शुक्राणूंची संख्या, हालचाल, डोकं-शेपटीची ठेवण सगळं ठीक, कांड्याही नीट गोठायच्या, पण शंभर रेतनांमागे दोन गाईही गाभण राहत नव्हत्या. २०१४ साली त्याचं कारण प्रसिद्ध झालं. १९व्या गुणसूत्रावरच्या टीएमईएम९५ या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनाची साखळी मध्येच तुटते. हे प्रथिन शुक्राणूच्या पृष्ठभागावर असतं आणि बीजांडाशी एकरूप होताना लागतं. ते नसेल तर शुक्राणू बीजांडापर्यंत पोचतो, पण आत शिरत नाही. सूक्ष्मदर्शकाला यातलं काहीच दिसत नाही. हालचाल मोजणारं संगणकी यंत्र लावलं तरी दिसत नाही.

आता यातली गोम. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच वळू नापीक. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो नुसता वाहक, पण स्वतः पूर्ण सक्षम. गाईला तर दोन्ही बिघडलेल्या असल्या तरी फरक पडत नाही, कारण ते प्रथिन शुक्राणूचं. म्हणून असा दोष गाईंच्या ओळीतून पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप पुढे जातो आणि अचानक एखाद्या खोंडात उभा राहतो. वाहक वळू आणि वाहक गाय यांच्या खोंडांपैकी सरासरी चारातला एक नापीक निघणार.

पण हा बदल फ्लेकफीचा आहे. तुमचा खोंड एचएफ संकरित. त्याच्यावर ही चाचणी लावणं म्हणजे पैसे पाण्यात. कुणी पॅनल विकायला आलं की पहिला प्रश्न विचारा : यातला प्रत्येक मार्कर कोणत्या जातीत सिद्ध झालाय? स्वीडिश रेड वळूंत एआरएमसी३ मधल्या बिघाडामुळे शुक्राणूंची शेपटी बुंध्यापाशीच खुंटते. ब्राउन स्विसमध्ये डब्ल्यूडीआर१९ मधल्या बदलामुळे वीर्याची प्रत घसरते, गाभण राहण्याचं प्रमाण कमी होतं, पण वळू पूर्ण नापीक होत नाही. ब्राउन स्विसमध्येच क्यूआरआयसीएच२ मधलं एक अक्षर गळलं तर संख्या कमी आणि शुक्राणू जागचे हलत नाहीत. हे सगळे बदल त्या त्या जातीतले, ठरावीक पूर्वजांकडून आलेले.

कोयनाकाठ
एक शंका. शुक्राणूत जनुकाची एकच प्रत असते. मग वाहक वळूच्या निम्म्या शुक्राणूंत बिघडलेली प्रत असणार. ते निम्मे तरी निकामी व्हायला हवेत ना? मग तो पूर्ण सक्षम कसा?

रेतनशाळा
शंका बरोबर जागी आहे. वृषणात शुक्राणू तयार होताना एका गटातल्या पेशी एकमेकींपासून पूर्ण सुट्या होत नाहीत, मध्ये पेशीद्रवाचे पूल राहतात. त्यातून आरएनए आणि प्रथिनांची देवाणघेवाण होते. म्हणून बिघडलेली प्रत असलेल्या शुक्राणूलाही शेजाऱ्याकडून चांगलं प्रथिन मिळतं. शुक्राणूंचे बहुतेक जनुकीय दोष अप्रभावी (दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारे) का असतात, त्याचं हे एक कारण.

जनुककोश
यात एक हिशेब जोडतो, संकरितवाल्यांना थेट उपयोगाचा आहे. बाप शुद्ध एचएफ आणि आई देशी गाय असेल, म्हणजे पहिल्या पिढीचा संकर, तर एचएफमधला कुठलाही अप्रभावी दोष त्या खोंडात दुहेरी येऊच शकत नाही. एक प्रत देशी बाजूची, ती त्या दोषापासून मोकळी. तो फार तर वाहक असेल. बाप वाहक असेल तर खोंड वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. पण ७५ टक्के एचएफ, किंवा संकरित गुणिले संकरित अशी पैदास असेल, तर दोन्ही बाजूंनी एकाच परदेशी वळूचं रक्त येऊ शकतं. तिथे दुहेरी दोषाचा धोका खरा. तुमच्या खोंडाची आई किती टक्क्यांची आहे, ते आधी सांगा.

माळावरचा_गोठा
आई ५० टक्के. म्हणजे खोंड ७५ टक्के एचएफ.

जनुककोश
मग एचएफची चाचणी करायला अर्थ आहे. यातही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, वळूच्या वीर्यातलाच दोष. दोन, वीर्य ठणठणीत, बीज फळतं, पण गर्भ मरतो. शेतकऱ्याला दोन्ही वेळा गाय उलटलेलीच दिसते, म्हणून दोन्हींचं खापर वळूवर किंवा रेतकावर फुटतं.

एचएफमधले नाव घेण्यासारखे मार्कर बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. एचएच१ हा ५व्या गुणसूत्रावरच्या एपीएएफ१ जनुकातला बदल. १९६२ साली जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा त्याचा उगम. त्या वळूचं रक्त जगभरच्या एचएफमध्ये पसरलंय, दुधासाठी त्याने भरपूर दिलं आणि सोबत हेही दिलं. एचएच३ एसएमसी२ मध्ये, एचएच४ जीएआरटी मध्ये. एचएच५ मध्ये टीएफबी१एम जनुक असलेला तुकडाच गायब. जर्सीत जेएच१, जनुक सीडब्ल्यूसी१५. यातले पहिले काही २०११ मध्ये सापडले, तेही गंमतशीर रीतीने. हजारो जनावरांच्या चिपच्या (एका वेळी हजारो मार्कर वाचणाऱ्या चाचणीच्या) नोंदी पाहिल्या, तर काही तुकडे वाहकांत भरपूर दिसतात, पण दुहेरी स्वरूपात एकाही जिवंत जनावरात सापडत नाहीत. म्हणजे दुहेरी असलेले जन्मालाच येत नाहीत.

याचा फटका किती बसतो ते काढा. समजा वळू जेएच१ चा वाहक आणि गावातल्या १०० गाईंपैकी २० वाहक. त्या २० मधल्या चौथा हिस्सा, म्हणजे ५ गर्भ गेले. बाकी ८० गाईंना काहीच फरक नाही. म्हणजे वाहक वळू 'खराब' नसतो, चुकीच्या गाईवर वापरला की नुकसान करतो.

दूधसंघ_निवृत्त
या ५ टक्क्यांवरून लोक फार लवकर निष्कर्ष काढतात, म्हणून मध्ये बोलतो. २० गाई भरवल्या, ८ गाभण राहिल्या, म्हणून वळू ४० टक्क्यांचा, असं म्हणतात. २० वर ८ या आकड्याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण १९ ते ६४ टक्के येते. म्हणजे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ४० आणि ३५ टक्क्यांतला फरक भरवशाने दाखवायचा तर प्रत्येक वळूची साधारण १,५०० रेतनं लागतात. गावपातळीवर ते शक्य नाही.

उलट टीएमईएम९५ सारखा मोठा दोष लगेच उघडा पडतो. नेहमीचं प्रमाण ४० टक्के असताना ओळीने १० गाई उलटायची शक्यता ०.६ टक्के. २० उलटल्या तर योगायोग म्हणायला जागाच नाही. मात्र त्या गाई वेगवेगळ्या गोठ्यांतल्या, किमान दोन रेतकांनी भरवलेल्या आणि माज नीट पाहिलेल्या हव्यात. एकाच रेतकाच्या एकाच कंटेनरमधल्या कांड्या असतील तर आधी कंटेनरमधल्या द्रव नायट्रोजनची पातळी बघा, वळूची जात नंतर काढा.

अमेरिकेत २००८ पासून वळूंचा 'सायर कन्सेप्शन रेट' निघतो. +२ म्हणजे सरासरीपेक्षा दोन टक्के जास्त गाभण. तो हजारो रेतनांच्या नोंदींवर बसवलेला असतो. त्या नोंदी आपल्याकडे नाहीत, म्हणून मार्करकडून जादूची अपेक्षा होते.

कोयनाकाठ
मग त्याच नोंदींवरून मार्कर काढलेत ना तिकडे? ते इथे का चालू नयेत?

जनुककोश
काढलेत. अमेरिकन होल्स्टीन वळूंत ८, ९, १३, १७ आणि २७ या गुणसूत्रांवर ठळक परिणामाच्या जागा सापडल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अप्रभावी धाटणीच्या. पण चिपवरचा मार्कर हा बहुधा दोष स्वतः नसतो, दोषाच्या शेजारचा खांब असतो. होल्स्टीनमध्ये तो खांब आणि दोष एकत्र वारशाने येतात. संकरितात देशी बाजूचा तुकडा मध्ये आला की ती जोडी फुटते. खांब दिसतो, दोष नसतो. किंवा दोष असतो आणि खांब वेगळाच. म्हणून थेट दोषाचीच चाचणी असेल (एचएच१ ला एपीएएफ१ मधलं अक्षर, जेएच१ ला सीडब्ल्यूसी१५ मधलं) तर ती संकरितात चालते. नुसतं हॅप्लोटाइपवरून (एकत्र वारशाने येणाऱ्या शेजारच्या मार्करच्या गटावरून) काढलेलं अनुमान संकरितात जपून वापरायचं. अहवालात कोणतं आहे ते लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा.

आणि एक नकोशी गोष्ट सांगून टाकतो. एफएसएचआर, जीएनआरएचआर, आयजीएफ१, एचएसपी७० अशी नावं घेऊन ४०-५० वळूंवर केलेले अभ्यास ढिगाने आहेत. 'अमुक जनुकाचा एए प्रकार असलेल्या वळूंची हालचाल जास्त' असा निष्कर्ष. इतक्या थोड्या वळूंत योगायोगानेही असा फरक निघतो, आणि वळू एकमेकांचे भाऊबंद असतील तर निघतोच. त्यावर खोंड निवडू नका. विकाऊ पॅनलमध्ये नेमकी हीच नावं भरलेली असतात.

गुणसूत्र_टेबल
सगळे चिप आणि जनुकांवर बोलतायत, आणि सगळ्यात जुनी, उपयोगी चाचणी राहूनच गेली. कॅरिओटाइप. गुणसूत्रं मोजणं.

गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं. १ आणि २९ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना चिकटली की वाहकात ५९ दिसतात, दुहेरी असेल तर ५८. स्वीडनमध्ये १९६४ साली हे प्रथम नोंदवलं गेलं. जनुकांचा माल पूर्ण असतो, म्हणून वळू दिसायला धडधाकट, वीर्यही बहुधा ठीक. पण शुक्राणू तयार होताना तीन गुणसूत्रांची नीट वाटणी होत नाही, काही शुक्राणूंत माल कमी-जास्त जातो, त्यातून झालेला गर्भ सुरुवातीलाच मरतो. गाभण राहण्यात काही टक्क्यांची घट येते आणि निम्म्या मुलींकडे हाच वारसा जातो.

महत्त्वाचं हे की चिपच्या नेहमीच्या अहवालात हे दिसत नाही. चिप अक्षरं वाचते, अक्षरं सगळी जागेवर असतात, फक्त दोन पुस्तकं एकत्र बांधलेली असतात. 'चिप केली, आता कॅरिओटाइप कशाला' हे म्हणूनच चूक. आपल्याकडच्या वीर्य केंद्रांच्या किमान मानकांत कॅरिओटाइप आणि ब्लॅड, डम्प्स, सिट्रुलिनेमिया, फॅक्टर ११ या चार आनुवंशिक रोगांच्या चाचण्या आहेत, त्या उगाच नाहीत.

कॅरिओटाइपमध्ये आणखी एक फुकटची माहिती मिळते. देशी, वशिंडाच्या गाईंच्या वंशात वाय गुणसूत्राचा जोड टोकाला असतो, परदेशी वंशात मध्याकडे. 'शुद्ध गीर' म्हणून विकलेल्या वळूचा वाय परदेशी ठेवणीचा निघाला, तर बापाच्या ओळीत कुठेतरी एचएफ किंवा जर्सी आहे. उलट मात्र सिद्ध होत नाही. वाय देशी असला तरी आईकडून परदेशी रक्त असू शकतं.

माळावरचा_गोठा
नमुना कसा द्यायचा? सगळ्याला केस चालतात का?

गुणसूत्र_टेबल
नाही, आणि इथेच निम्मे नमुने वाया जातात.

डीएनए चाचणीला शेपटीच्या गोंड्याचे ३० ते ४० केस. शेण धुवा, पूर्ण वाळू द्या, मग बोटाला गुंडाळून झटक्यात उपटा. कापलेल्या केसाचा उपयोग नाही, डीएनए मुळाशी असतो. पांढरा ठिपका डोळ्याला दिसला पाहिजे. कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो, बुरशी येते. एका जनावरानंतर हात पुसा, दुसऱ्याचा केस चिकटून गेला तर अहवाल मिश्र येतो.

रक्त द्यायचं तर डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची नळी. ३ ते ५ मिली, ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा, थंड ठेवा.

कॅरिओटाइपला हिरव्या टोपणाची, हेपॅरिनची नळी. तिथे पेशी जिवंत लागतात, कारण प्रयोगशाळेत त्या ७२ तास वाढवून, विभागणीच्या मध्यावर थांबवून मग गुणसूत्रं मोजतात. नळी गोठवायची नाही, बर्फाला थेट टेकवायची नाही, २४ तासांत पोचवायची, फार तर ४८. शनिवारी नमुना काढून कुरियरला दिला तर सोमवारी मेलेलं रक्त पोचतं. सोमवार-मंगळवारी काढा. अहवालात किमान २०-३० पेशी मोजल्याचं लिहिलेलं असावं.

जुळ्यात जन्मलेला खोंड असेल आणि जोडीला कालवड असेल, तर ते आधी सांगा. गर्भात दोघांचं रक्त मिसळतं, त्याच्या रक्तात बहिणीच्या पेशी आयुष्यभर राहतात. रक्तातून काढलेल्या डीएनएत दोघांचा खिचडा निघतो आणि दोषमुक्त वळूही वाहक दिसू शकतो. अशा वेळी डीएनएला केसाची मुळं किंवा वीर्य वापरा. कॅरिओटाइप मात्र जरूर करा, एक्सएक्स आणि एक्सवाय अशा दोन्ही पेशी दिसल्या तर वळू ठेवूच नका. अशा वळूंची प्रजननक्षमता बऱ्याचदा खालावलेली आढळते.

पीसीआरवाला
कांडीतून डीएनए काढणाऱ्यांसाठी. रक्ताचं किट जसंच्या तसं वापरलं तर हाती काही लागत नाही. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए प्रोटॅमिन नावाच्या प्रथिनाभोवती आवळलेला असतो आणि त्याला गंधकाचे बंध असतात. प्रोटिनेज के या एन्झाइमसोबत डीटीटी हे रसायन घातल्याशिवाय ते सुटत नाहीत. त्याआधी अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल दोन-तीनदा धुऊन काढा.

ब्लॅड, डम्प्स, सिट्रुलिनेमिया अजून कित्येक ठिकाणी एन्झाइमने डीएनएचे तुकडे पाडून, जेलवर त्यांचे पट्टे बघतात. ब्लॅडला टॅक-१, डम्प्सला एव्हा-१, सिट्रुलिनेमियाला एव्हा-२. तिन्हीकडे निरोगी प्रत कापली जाते, दोषी प्रत कापली जात नाही. त्यामुळे एन्झाइम जुना झाला किंवा वेळ कमी दिला, तर निरोगी जनावरात न कापलेला पट्टा उरतो आणि ते वाहक म्हणून छापलं जातं. प्रत्येक जेलवर एक माहीत असलेला निरोगी आणि एक माहीत असलेला वाहक नमुना हवाच. वाहक निघाला तर दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा करून घ्या, जमल्यास क्रमवाचनाने (डीएनएची अक्षरं थेट वाचून). फॅक्टर ११ ला ही अडचण नाही. तिथे ७६ अक्षरांचा जादा तुकडा असतो, निरोगी पट्टा २४४ चा, दोषी ३२० चा, नुसत्या पीसीआरवर दिसतं.

सह्याद्री_गीर
देशी गाईंचं काय? वाशीमला ऑक्टोबर २०२४ मध्ये देशी गाईंसाठीच्या 'गौचिप' या जनुकीय चिपचं लोकार्पण झालं. त्यातून गीर, खिलार, देवणी वळूंची प्रजननक्षमता कळेल का?

जनुककोश
चिपचा फायदा असा की तिच्यावर आपल्या जातींत बदलणारे मार्कर आहेत. परदेशी चिपवरचे पुष्कळ मार्कर देशी गाईत एकाच रूपात असतात, म्हणजे काही सांगत नाहीत. जातीची शुद्धता, बाप कोण, नात्यातली पैदास किती, हे चिपवरून आजही चांगलं कळतं. प्रजननक्षमतेचा अंदाज मात्र चिप स्वतः देत नाही. त्यामागे हजारो वळू-गाईंच्या वीर्याच्या आणि गाभण राहिल्याच्या नोंदी लागतात. ऑस्ट्रेलियात ब्राह्मण आणि उष्ण कटिबंधातल्या संमिश्र जातींवर तसं काम झालंय. तिथे वृषणाचा घेर आणि निरोगी शुक्राणूंचं प्रमाण यांचे बरेच मार्कर एक्स गुणसूत्रावर सापडले. एक्स वळूला फक्त आईकडून येतो. म्हणजे वळूच्या वीर्यासाठी नुसता नामांकित बाप पाहून भागत नाही, आईचे भाऊ आणि आईचा बाप कसे होते तेही विचारा.

रेतनशाळा
माळावरचे दादा, तुमच्या खोंडापुरता क्रम असा ठेवा. स्वस्त ते आधी.

आधी बापाचा कॅटलॉग काढा. नावापुढे टीएल म्हणजे ब्लॅडमुक्त, टीव्ही म्हणजे सीव्हीएम या मणक्याच्या आनुवंशिक दोषापासून मुक्त, बीएल किंवा सीव्ही म्हणजे वाहक. एचएच१ पुढे सी असेल तर वाहक, टी असेल तर तपासून मुक्त. बाप मुक्त असेल तर त्या बाजूचा खर्च वाचला, आईच्या बापाचं तेवढं बघायचं.

मग टेप. वृषणाचा घेर १५ महिन्यांपर्यंत ३० सेंमी, १८ पर्यंत ३१, २४ महिन्यांनंतर ३४ हे परदेशी वंशाचं किमान माप आहे. ७५ टक्के एचएफला ते लावायला हरकत नाही. देशी खोंड उशिरा वयात येतात, त्यांना १५ महिन्यांत या मापाने बाद करू नका. दोन वृषणांत ठळक फरक असेल तर पुढचा खर्चच नको.

मग वीर्य. ताज्या वीर्यात ७० टक्के हालचाल, विकृत शुक्राणू २० टक्क्यांच्या आत, गोठवून ३७ अंशांना ३० सेकंद वितळल्यावर ५० टक्के हालचाल. संकरित वळू बहुतेक इथेच गळतात, ताजं वीर्य ठीक आणि गोठवल्यावर पडलेलं. यासाठी संकरितात वापरता येईल असा एकही मार्कर आज नाही. शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस आणि बाहेर यायला आणखी ८ ते ११ दिवस लागतात. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हाचा फटका जून-जुलैच्या वीर्यात दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर नापास झालेला खोंड ७० दिवसांनी पुन्हा तपासा.

हे सगळं पार झालं तर कॅरिओटाइप, चार रोगांच्या चाचण्या आणि एचएच१, ३, ४, ५ थेट. त्यापलीकडचं पॅनल नको.

माळावरचा_गोठा
आभार. बापाच्या नावापुढे टीएल, टीव्ही आहे, एचएच१ पुढे सी आहे. म्हणजे खोंड बाद?

जनुककोश
बाद नाही. निम्मी शक्यता तो मुक्त असण्याची आहे, पण आईचा बापही एचएच१ चा वाहक असेल तर ती कमी होते. केसांवर एपीएएफ१ ची थेट चाचणी करा. वाहक निघाला आणि तरी ठेवायचा असेल, तर त्याच बापाच्या मुली आणि चीफच्या ओळीतल्या वाहक वळूंच्या मुली त्याच्याकडून भरवू नका. देशी आणि पहिल्या पिढीच्या जर्सी संकरित गाईंवर तो बिनधोक चालेल. फक्त त्याच्या निम्म्या कालवडी वाहक होतील, त्या कोणत्या कांडीने भरवायच्या याची नोंद गटाच्या वहीत पहिल्या दिवसापासून ठेवा.

दूधसंघ_निवृत्त
आणि नोंद बिल्ल्याच्या क्रमांकाने ठेवा, गाईच्या नावाने नको. गटात पाच 'लक्ष्मी' असतात.